स्प्रिंग म्हातारी होत नाही

सोलापुरातील आमच्या एका शिक्षक मित्राच्या घरी १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, म्हणून ती विकायची नाही असा घरचा दंडक. गेल्या काही वर्षांत मात्र ती कुरकुरू लागली होती. खड्ड्यातून गेली की पुढून 'ठक्' असा आवाज येई, मागची बाजू बसलेली दिसे आणि वळणावर गाडी एका अंगाला कलंडल्यासारखी वाटे. एके दिवशी विजापूर रस्त्यावर समोर म्हैस आली म्हणून मित्राने जोरात ब्रेक दाबला, तर गाडी सरळ न थांबता डावीकडे ओढली गेली. म्हैस वाचली, मित्रही वाचला. पण घरात 'आता ही भंगारात घाला' असा सूर निघाला. नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळही जवळ आली होती.

ज्याने त्याने एकच निदान केले : "स्प्रिंगा थकल्यात." आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. थकल्या म्हणजे नेमके काय झाले, असा प्रश्न आम्हाला पडला. पोलाद म्हातारे होते का? झालेच, तर त्याचा कोणता गुणधर्म बदलतो? उत्तर शोधता शोधता आम्ही बैलगाडीपासून इटलीपर्यंत आणि बार्शीच्या छोट्या रेल्वेपासून कुर्ल्याच्या कारखान्यापर्यंत फिरून आलो. तो प्रवास आमच्या वाचकांसमोर मांडत आहोत.

सोलापूर ते कुर्ला

ही गाडी सोलापूरकरांना परकी नाही. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातच झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले आणि त्यांची सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून.

ही बार्शी लाइट रेल्वे आमच्या विषयाशी जवळचे नाते सांगते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. हलके रूळ टाकून खर्च वाचवायचा, पण वजनदार माल तर न्यायचा, असा पेच होता. कॅलथ्रॉपने ठरवले की कोणत्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग डबे लांब करा, त्यांना जास्त आस द्या, पण भार सगळ्यांवर सारखा वाटला गेला पाहिजे. भार सर्व चाकांवर नीट वाटला जावा आणि प्रत्येक चाक सतत जमिनीला टेकून राहावे, हेच मोटारीच्या सस्पेन्शनचेही पहिले काम आहे. प्रवाशाला मऊ वाटणे हे त्यानंतरचे.

वालचंदांनी पुढे जहाजे, बोगदे, साखर आणि विमाने अशा अनेक उद्योगांत हात घातला. मोटारीचा कारखाना काढण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग आणून जोडण्याचेच काम चाले. नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० ही गाडी मांडली. त्यानंतर महिन्याभरातच, ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. ज्या गाडीमुळे त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी पोहोचले, ती भारतात तयार झालेली त्यांनी पाहिलीच नाही. १९५४ पासून ती कुर्ल्यात बनू लागली. आधी तिचे नाव नुसते फियाट ११००, १९६० च्या दशकात 'डिलाइट', १९७० च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी'. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे ते शतक संपेपर्यंत चालू राहिले.

बैलगाडी, टांगा आणि कमान

आता थोडे मागे जाऊ. आपल्या बैलगाडीला कमान नसते. चाकाला बसलेला धक्का आसातून साटीला आणि साटीतून बसणाऱ्याच्या कण्याला जसाच्या तसा पोहोचतो. ताशी चार किलोमीटर वेगाला ते चालून जाते. वेग वाढला की मात्र निभत नाही, कारण तोच उंचवटा दुप्पट वेगाने ओलांडायचा तर चाकाला निम्म्या वेळात वर उचलले जावे लागते. उभ्या दिशेचा वेग दुप्पट होतो आणि त्वरण चौपट. त्वरण चौपट म्हणजे बलही चौपट. म्हणून वेगवान वाहनाला स्प्रिंग ही चैन नसून गरज असते.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात जाहीर केला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला : ताण जितका, तितके बल. नववीच्या मुलालाही तो पाठ असतो. पण वाहनांना त्याचा खरा लाभ झाला १८०४ नंतर. त्या वर्षी ओबाडाया इलियट या लंडनच्या गाडीकाराने लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून बनवलेली ही कमान घोडागाड्यांत सर्वत्र पसरली. आपल्या टांग्याखालच्या कमानी त्याच घराण्यातल्या. आमचे मिस्त्री लोक त्यांना 'पाटे' म्हणतात आणि ट्रकवाल्यांच्या तोंडीही तोच शब्द आहे.

एकच जाड पट्टी न घेता अनेक पातळ पट्ट्या का घेतात? पट्टी वाकते तेव्हा तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर सर्वांत जास्त ताण येतो. पट्टी जितकी जाड, तितका त्याच वाकण्याला हा ताण अधिक. पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकू शकतात, म्हणून प्रत्येकीवरचा ताण मर्यादेत राहतो आणि भार मात्र सगळ्या मिळून पेलतात. सरकताना त्यांच्यात घर्षण होते, त्यामुळे गाडीचे हिंदकळणेही थोडे आवरते.

पद्मिनीच्या मागच्या आसाखाली असेच पाटे आहेत. ते एकाच वेळी तीन कामे करतात. गाडीचे वजन पेलतात, आसाला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलू देत नाहीत, आणि इंजिनाच्या जोराने किंवा ब्रेकने आस स्वतःभोवती फिरू पाहतो तेव्हा त्याला धरून ठेवतात. साधी, स्वस्त आणि खेड्यातल्या लोहारालाही कळणारी अशी ही रचना आहे.

कामाची वाटणी

पुढच्या चाकांना हे पाटे पुरेनात. १९२० च्या दशकात मोटारी वेगाने धावू लागल्या तसा एक नवा आजार दिसू लागला. पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाच्या टोकांना असल्याने एक चाक वर उचलले गेले की दुसरेही कलते. चाक हे फिरणारा भोवराच असते. ते एका दिशेने कलवले की दुसऱ्या दिशेने वळू पाहते. परिणाम असा, की विशिष्ट वेगाला पुढची चाके थडथड कापू लागत आणि चालकाच्या हातातले सुकाणू हिसके देई. उपाय एकच होता. दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी करायची.

लान्सिया या इटालियन कंपनीने १९२२ मध्येच 'लाम्ब्दा' गाडीत पुढची चाके स्वतंत्र केली होती. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९३४ च्या गाड्यांत स्वतंत्र चाके आली. ऑलीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. उंचवट्यावरून जाताना गाडीचा पुढचा भाग आधी उसळतो, मागचा किंचित उशिरा. म्हणून मागच्या स्प्रिंगांची दोलने पुढच्यांपेक्षा थोडी जलद ठेवली, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि दोन्ही टोके बरोबरीने वरखाली होतात. गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे डुलत नाही.

दान्ते जाकोझा यांच्या देखरेखीखाली घडलेल्या फियाट ११०० ला ही सगळी शिदोरी मिळाली. पुढच्या प्रत्येक चाकाला एकावर एक असे दोन त्रिकोणी बाहू, त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र शॉकअॅब्सॉर्बर. मागे मात्र जुने भरवशाचे पाटे. याच गाडीची 'तुरिस्मो व्हेलोचे' ही जास्त ताकदीची आवृत्ती इटलीतले हौशी चालक शर्यतींत पळवत. साध्या कुटुंबाची गाडी आणि शर्यतीची गाडी एकाच सांगाड्यावर उभ्या राहिल्या, यावरून त्या सस्पेन्शनची प्रत कळते.

इथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. पाटा तीन कामे करत होता. कॉइल स्प्रिंग फक्त एकच काम करते, वजन पेलण्याचे. चाकाला जागेवर धरणे तिला जमत नाही, म्हणून बाहू आले. तिच्यात पट्ट्यांचे घर्षण नाही, म्हणून दोलने थांबवायला शॉकअॅब्सॉर्बर आले. बाहू हलायचे तर त्यांना सांधे हवेत, म्हणून सांधे आले. कामाची वाटणी झाली आणि गाडी चांगली चालू लागली. पण सांभाळायच्या जागा वाढल्या.

तेल आणि रबर

शॉकअॅब्सॉर्बर हे नाव जरा फसवे आहे. धक्का घेते ती स्प्रिंग. शॉकअॅब्सॉर्बर स्प्रिंगची दोलने शमवतो, म्हणजे अवमंदन करतो. आरंभीचे शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या होत्या. फ्रान्समधील त्रूफो याने ते बनवले आणि अमेरिकेत हार्टफर्डने त्यांचा प्रसार केला. पुढे घर्षणाची जागा तेलाने घेतली. नळीत दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. त्यांतून तेल जाताना विरोध होतो आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. विरोध वेगाबरोबर वाढतो, हा तेलाचा मोठा गुण. आपल्या देशात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया कंपनीने मुंबईत मुलुंडला शॉकअॅब्सॉर्बरचे उत्पादन सुरू केले. परदेशी भागांवर बंधने असलेल्या त्या काळात अशा कारखान्यांमुळेच आपल्या गाड्या रस्त्यावर राहिल्या.

आता सांधे. पूर्वी सांध्यात पोलादी खिळा आणि पितळी बुश असे, त्यात नियमाने ग्रीस भरावे लागे. ग्रीस चुकले की धूळ शिरे आणि सांधा झिजे. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये 'सायलेंटब्लॉक' निघाला. दोन पोलादी नळ्या एकात एक बसवायच्या आणि मधल्या जागेत रबर दाबून भरायचे. बाहू हलतो तेव्हा या सांध्यात काहीही घासत नाही. रबर फक्त पिळले जाते आणि परत सुटते. ग्रीस नको, आवाज नाही. सोलापूरच्या गॅरेजमध्ये आजही हा शब्द जसाच्या तसा वापरतात.

पण रबर हे पोलाद नव्हे. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ केले, त्याला १८० पेक्षा अधिक वर्षे झाली. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधतात. ही बांधणी कारखान्यात संपत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे वर्षानुवर्षे नवे बंध जुळत राहतात, काही जुने तुटतात. रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला विशेष लवकर चिरतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. त्यात तापलेला रस्ता आणि इंजिनाची आच. गाडी वापरा की दारात उभी ठेवा, रबराचे वय वाढतच राहते.

मग थकले काय?

एका रविवारी मित्राच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मिस्त्रींचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर घरात गॅरेज आले. गाडी घोड्यांवर चढवून त्यांनी पुढच्या बाहूच्या मुळाशी पहार घातली आणि हलकेच ढकलली. बाहू चांगला बोटभर सरकला. "सर, बघा. स्प्रिंग नाही मेलेली, बुश मेलाय," ते म्हणाले. गाडी डावीकडे का ओढली जात होती, ते तिथेच कळले. ब्रेक दाबला की चाक मागे रेटले जाते. सुजून भेगाळलेले रबर त्याला धरू शकत नव्हते, म्हणून डावे चाक मागे सरकून वळत होते.

मिस्त्रींचे वाक्य भौतिकशास्त्राच्या पुस्तकात छापण्यासारखे आहे. पोलादाची ताठरता त्याच्या अणूंमधील बंधांवर अवलंबून असते. तिचे मोजमाप म्हणजे यंगचा गुणांक, पोलादासाठी सुमारे २०० गिगापास्कल. कोणत्याही जातीच्या पोलादात तो जवळपास तेवढाच असतो आणि तीस वर्षे वापरून तो कमी होत नाही. चांगले आणि हलके स्प्रिंगचे पोलाद यांत फरक असतो तो स्थितिस्थापक मर्यादेचा, म्हणजे किती ताणेपर्यंत ते परत मूळ आकारात येते याचा.

तर मग जुनी गाडी खाली बसते कशी? जास्त भार आणि खोल खड्डे यांमुळे स्प्रिंगचा काही भाग मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि तेवढा कायमचा वाकतो. वर्षानुवर्षे असे कणाकणाने होत गेले की स्प्रिंगची उंची कमी होते. म्हणजे जुनी स्प्रिंग *बुटकी* होते, पण *मऊ* होत नाही. पुढचे शंभर किलो तिला पूर्वीइतकेच दाबतात. फक्त आता तिच्याजवळ दबायला जागा कमी उरलेली असते, म्हणून खड्ड्यात गाडी तळाला आदळते आणि आपण म्हणतो, स्प्रिंग मऊ झाली.

स्प्रिंग अमर आहे असे मात्र नव्हे. गंजाने पडलेल्या खळग्यातून बारीक चीर सुरू होते, दर हेलकाव्याला वाढते आणि एक दिवस पोलाद तुटते. म्हणून स्प्रिंगेची तपासणी वयाने न करता गंज, चिरा आणि उंची पाहून करायची.

आमच्या गाडीत आणखी एक गंमत निघाली. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने गाडी उंच करण्यासाठी पुढच्या कॉइलच्या वेढ्यांत रबरी गुटके अडकवले होते आणि मागे एक जास्तीचा पाटा घातला होता. दिसायला गाडी उंच झाली. पण स्प्रिंगची ताठरता काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असते. आठांपैकी दोन वेढे गुटक्याने जाम केले तर उरले सहा, आणि स्प्रिंग एक तृतीयांशाने ताठ झाली. ताठ स्प्रिंगने धक्के वाढवले, वाढलेल्या धक्क्यांनी म्हातारे रबर आणखी फाटले. निदान चुकले की औषधच रोग वाढवते, त्यातला हा प्रकार.

दुरुस्तीचा क्रम

पुढच्या दोन रविवारी जे झाले त्याचा क्रम सांगतो, कारण त्यात प्रत्येक पायरीला शास्त्रीय कारण आहे.

आधी गुटके काढले. मग पुढच्या कॉइल उतरवल्या. हे काम हौसेने करण्याचे नाही. दाबलेल्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा माणसाला ठार करू शकते. तिला शिकंजात धरूनच सैल करावी लागते. विद्यार्थ्यांना दाखवताना लांब उभे करावे. दोन्ही कॉइल सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून उंची मोजली. त्यांच्यात फरक नगण्य होता, गंजही वरवरचाच. त्या घासून, रंगवून परत घातल्या.

मागच्या पाट्यांचा मधला बोल्ट काढून पट्ट्या सुट्या केल्या. जास्तीचा पाटा काढला. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान द्यायची होती. भट्टीत लाल करून ठोकण्याची सोपी वाट मिस्त्रींनी नाकारली. "तापवला की पाणी उतरतं," ते म्हणाले. पोलादाला दिलेले 'पाणी' म्हणजे लाल तापवून एकदम थंड करणे आणि मग बेताने पुन्हा तापवणे. नुसते तापवून हवेत गार केले तर कणांची ती रचना बिघडते आणि स्थितिस्थापक मर्यादा घसरते. नवी कमान दोन महिन्यांत बसते. म्हणून पट्ट्या थंडच ठेवून, थोड्या थोड्या अंतरावर दाब देत वाकवल्या. मधला गंज खरवडून, ग्रॅफाइटचे ग्रीस लावून त्या पुन्हा बांधल्या.

शॉकअॅब्सॉर्बर चारही नवे घातले. एकाच आसावर एक नवा आणि एक जुना कधी ठेवू नये. दोन बाजूंचे अवमंदन वेगळे झाले तर गाडी खड्ड्यात वाकडी उसळते.

सर्वांत महत्त्वाचे काम बुशांचे. जुने दाबयंत्राने काढले, नवे बसवले. त्यांना तेल किंवा ग्रीस लावले नाही, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. मग मिस्त्रींनी बोल्ट नुसते हाताने अडकवले, गाडी खाली घेतली, चाकांवर उभी केली, दोघांना आत बसवले आणि *मग* बोल्ट आवळले. असे का? सायलेंटब्लॉकमध्ये रबर पिळले जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर त्या स्थितीत रबर मोकळे राहते, आणि गाडी खाली येताच ते पिळले जाऊन कायम पिळलेलेच राहते. वर खड्ड्याचा पीळ. असे रबर थोड्याच दिवसांत फाटते. गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना आवळले तर रबर विश्रांतीच्या स्थितीत असते आणि दोन्ही बाजूंना सारखे पिळले जाते. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती नवे बुश अकाली फुकट गेले असतील!

शेवटी चाकांचे अलाइनमेंट. ते आधी करून उपयोग नसतो, कारण सांधे बदलले की चाकांचे कोन बदलतात.

गाडी बाहेर काढली आणि त्याच विजापूर रस्त्यावर नेली. आमचा हा मुलूख काळ्या मातीचा. ती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून तिच्यावरचा रस्ता दर वर्षी थोडा लाटांसारखा होतो. त्या लाटांवरून गाडी एकदा वर, एकदा खाली आणि मग शांत अशी गेली. मोकळ्या जागी ब्रेक दाबून पाहिला, ती सरळ थांबली. कॉइल त्याच होत्या, पाटेही तेच.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्रयोगशाळेतल्या दोन सारख्या स्प्रिंगा घ्या. एक हाताने थोडी जास्त ओढून कायमची लांब करा. मग दोन्हींना सारखी वजने लावत प्रत्येक वेळचे *वाढीव* ताणणे मोजा आणि आलेख काढा. दोन रेषांचे आरंभबिंदू वेगळे येतील, चढ मात्र जवळपास सारखाच. 'थकलेल्या' स्प्रिंगची सगळी कथा या दोन समांतर रेषांत आहे.

दुसरा प्रयोग शाळेच्या आवारातल्या कोणत्याही मोटारीवर करता येईल. मागच्या चाकावरच्या पत्र्याची जमिनीपासून उंची मोजा. मागच्या आसनावर एकूण १२० किलो वजनाची दोन माणसे बसवून पुन्हा मोजा. समजा, गाडी ४.८ सेंटिमीटर खाली गेली. गाडीचा मागच्या स्प्रिंगांवरचा भार ४०० किलो धरला तर त्या भाराखाली स्प्रिंगा मुळात १६ सेंटिमीटर दबलेल्या असणार. आता ०.१६ मीटरला ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने गुणा. उत्तर येते सुमारे ०.८ सेकंद. हा मागच्या भागाचा दोलनकाल, मिनिटाला साधारण ७५ हेलकावे. माणूस चालतो तेव्हा त्याचे शरीर दर पावलाला असेच वरखाली होते. त्याच्या आसपासची दोलने आपल्याला सुसह्य वाटतात. दोन माणसे बसल्यावर हाच काल ०.९ सेकंदांच्या आसपास जातो. भरलेली गाडी रिकाम्यापेक्षा मऊ का वाटते, ते मुलांना यातून कळेल.

हिशेब झाल्यावर गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडा. ती एकदा उसळून शांत झाली तर दोलने मोजताच येणार नाहीत. भराभर पाचसहा हेलकावे मोजता आले, तर तुमचा प्रयोग उत्तम झाला आणि गाडीमालकाला शॉकअॅब्सॉर्बर बदलायला सांगा. मात्र ही कसोटी अपुरी आहे, हेही सांगा. रस्त्यावर चाक स्वतः, टायरच्या लवचीकपणावर, सेकंदाला दहाबारा वेळा थडथडते. ती थडथड हाताने दाबून दिसत नाही. आणि तिच्यामुळे टायर क्षणभर जमीन सोडतो, तेव्हा ब्रेक निरुपयोगी असतो.

जाता जाता

मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. १९५३ च्या आराखड्याची गाडी सत्तर वर्षे पोटासाठी धावली. तिचे इंजिन फार जोरकस नव्हते आणि पत्रा गंजणारा होता. तरीही ती टिकली, याचे एक मोठे कारण असे की तिच्या सस्पेन्शनचा प्रत्येक सांधा वेगळा काढता येई, तपासता येई आणि तेवढाच बदलता येई. चुकीचा भाग बदलला तर पैसे वाया जात, पण नेमका भाग कोणता हे सांगणारा मिस्त्री गावोगावी होता.

आज अनेक गाड्यांत बुश आणि सांधे बाहूसकट एकाच जोडणीत येतात. रबर गेले तरी सगळा बाहू बदलायचा. त्याने वेळ वाचतो, नेमकेपणाही येतो, हे मान्य. पण पहार घालून 'बुश मेलाय' असे निदान करण्याची संधी कमी होते आणि ती कला शिकणारा हातही. आमच्या मिस्त्रींचा मुलगा संगणकशास्त्र शिकतो आहे. त्याने गॅरेज चालवावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र वडिलांना जे ठाऊक आहे, बोल्ट केव्हा आवळायचा आणि पोलादाचे पाणी केव्हा उतरते, ते लिहून ठेवायला आमच्या शाळेतल्या नववीच्या दोन मुलांना आम्ही बसवले आहे. त्यांच्या वहीची आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत. पहिल्या पानावर त्यांनी दोन समांतर रेषांचा आलेख काढला आहे आणि त्याखाली पद्मिनीच्या पुढच्या बाहूचे चित्र. त्यात लाल रंगाने दाखवलेला भाग फक्त एकच आहे : रबर.